देवाचा फोटो

नव्या घरात सामान लागतं, पडदे लागतात, आणि मग कुणीतरी विचारतं, "लक्ष्मीचा फोटो कुठल्या भिंतीला लावायचा?" लक्ष्मी कुणाच्या कॅमेऱ्यासमोर कधी उभी राहिली, असं कुणी विचारत नाही. चौकटीत बसलं आणि वर काच लागली की मराठी घरात तो फोटो. मग आत आजोबा असोत नाहीतर गणपती.

'फोटो' रुळण्याआधी या वस्तूला तसबीर म्हणत. अरबी 'तस्वीर' फारसीच्या वाटेने आपल्याकडे आली आणि 'व'चा 'ब' झाला. रूप देणं, हा तिच्या धातूचा अर्थ. चेहऱ्याला आपण 'सुरत' म्हणतो, तोही शब्द त्याच धातूतला.

शब्द होता, पण सामान्य घरात तसबीर नव्हती. श्रीमंतांकडे चित्रं असत ती भिंतीवरच रंगवलेली. मेणवलीच्या नाना फडणविसांच्या वाड्यात ती अजून पाहायला मिळतात. बाकीच्यांची भिंत सारवलेली. तिच्यावर नागपंचमीला नाग काढायचे आणि पुढच्या सारवणात ते पुसले जायचे. चित्र टिकायला ते भिंतीपासून सुटं व्हावं लागलं, आणि स्वस्तही.

ही करामत दगडाने केली. अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात आलॉइस झेनेफेल्डर यांनी शिळाछापाची युक्ती शोधली. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं आणि दगड ओला करायचा. तेलकट शाई ओल्या जागी धरत नाही, रेघेला तेवढी चिकटते. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. दहा रंग असतील तर तोच कागद दहा दगडांवर दाबायचा, आणि एकदा जरी केसभर सरकला तरी ओठांचा लाल हनुवटीवर उतरायचा. सगळ्यात शेवटी वॉर्निश चढवून कॅनव्हासचा पोत उठवला की तैलचित्राचा भास होई. म्हणून त्याचं नाव ओलिओग्राफ. लॅटिनमध्ये 'ओलियम' म्हणजे तेल.

पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसह 1878 मध्ये चित्रशाळा काढली. रामपंचायतन, शिवाजी महाराज, नाना फडणवीस असे देव आणि इतिहासपुरुष तिथून छापून घरोघर जाऊ लागले.

मग आले राजा रविवर्मा. सयाजीराव गायकवाडांसाठी त्यांनी पुराणांतले चौदा प्रसंग रंगवले. राजवाड्यात जाण्याआधी ती चित्रं लोकांना दाखवली, तेव्हा बघ्यांची रीघ लागली. चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, असं टी. माधवराव यांनी त्यांना आधीच सुचवलं होतं. त्रावणकोर आणि बडोद्याची दिवाणगिरी केलेले हे गृहस्थ मूळचे तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. 1894 मध्ये रविवर्मांनी भाऊ राजराजवर्मा यांच्यासोबत मुंबईत छापखाना घातला. यंत्रं जर्मनीची, तंत्रज्ञही तिथलेच. पहिलं चित्र निघालं शकुंतलेच्या जन्माचं.

दोनच वर्षांत मुंबईत प्लेग शिरला. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. कर्ज मात्र मागे राहिलं नाही, तेही सोबत आलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच रविवर्मांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. पुढे सिनेमा काढणारे दादासाहेब फाळके काही काळ या छापखान्याचं काम करत होते. 1972 च्या आगीत तो जळाला. तोवर त्याची चित्रं देशभरच्या खिळ्यांवर पोचली होती.

घरात आलेलं चित्र बायकांनी तसंच ठेवलं नाही. लक्ष्मीच्या साडीवर खरी जर चिकटवली, दागिन्यांच्या जागी टिकल्या लावल्या, मग ते काचेत गेलं. छापखान्यातून हजारो एकसारख्या लक्ष्म्या निघाल्या, पण या घरची लक्ष्मी शेजारच्या लक्ष्मीहून वेगळी दिसायला लागली. गृहसजावट हा शब्द त्यांच्या कानावरही नव्हता.

टांगायची रीतही ठरून गेली होती. माजघरात, वर तुळयांच्या जवळ, ओळीने. खालची कड लाकडी पट्टीवर टेकलेली, वरची कड दोरीने पुढे झुकवलेली. इतक्या उंचावरची तसबीर सरळ लावली तर पाटावर बसलेल्या माणसाला देव नीट दिसायचा नाही, काचच चकाकायची. ती झुकवली की देव खाली बघतोय असं वाटे. मागच्या तिरक्या पोकळीत चिमण्या हक्काने घरटी करत, आणि काड्या पडतात म्हणून कुरकुरणारी आजी पिल्लं उडेपर्यंत तसबीर पुसायला हात लावू देत नसे.

मग फोटो हा शब्द चुकला का? रविवर्मांच्या आधीचा देव सपाट रंगांतला असे. यांच्या लक्ष्मीच्या गालावर उजेड पडला, मानेखाली सावली आली, साडीला वजन आलं. कुणीतरी खरंच समोर उभं राहिल्याशिवाय असं चित्र निघणार नाही, हे बघणाऱ्याला डोळ्यांनीच पटलं, आणि जिभेने जवळचा शब्द उचलला. आजही फ्रेमवाल्याकडे कुणी जुनी तसबीर घेऊन येतं. तो मागचा खाकी कागद फाडतो, चुका उपटतो, वाळवी लागलेला पुठ्ठा काढतो आणि विचारतो, "नवीन छापील टाकू का? रंग फ्रेश मिळेल." गिऱ्हाईक घाईघाईने म्हणतं, "नको, फोटो आमचाच ठेवा. काच तेवढी बदला."