रुग्णवाहिका आधी, व्यवसाय मागाहून

आपल्या प्रशासनाचा एक जुना स्वभाव आहे. वाहन आधी खरेदी होते. त्यात बसून काम करणाऱ्या माणसाचे नियम सावकाश येतात. पॅरामेडिक या व्यवसायाचा भारतातील इतिहास याचे ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

१५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. तोवर बहुतेक ठिकाणी रुग्णवाहिका म्हणजे रुग्णाला आडवे नेणारी गाडी. आत स्ट्रेचर आणि घाबरलेले नातेवाईक. १०८ ने तेथे प्रशिक्षित माणूस बसविला. चालकाला ‘पायलट’ म्हणत, मागे बसणाऱ्याला ‘ईएमटी’. काही आठवड्यांच्या प्रशिक्षणावर हे तरुण रक्तस्राव थांबवू लागले, धावत्या गाडीत बाळंतपणे करू लागले. अपघात हेच त्यांचे मुख्य काम असावे असा आपला समज असतो. प्रत्यक्षात सर्वांत मोठा वाटा गर्भवतींचा होता.

जानेवारी २००९ मध्ये ‘सत्यम’चा घोटाळा उघडकीस आला आणि सेवेचे प्रवर्तकच अडचणीत सापडले. जीव्हीके समूहाने ती पुढे चालविली. सेवा टिकली, पण सेवकाचा दर्जा अधांतरीच राहिला. निमवैद्यकीय व्यवसायांसाठी केंद्रीय परिषदा स्थापण्याचे २००७ चे विधेयक लोकसभेच्या विसर्जनाबरोबर व्यपगत झाले होते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर कौशल्य होते, ते दुसऱ्या राज्यात वटेल असा दाखला नव्हता. उत्तरेतील एका जिल्ह्यात मला भेटलेला, सहा वर्षे हेच काम केलेला तरुण औषधविक्रीची नोकरी शोधत होता. कारण विचारता हिंदीत म्हणाला, “साहेब, सोयरीक जुळवताना आमच्या कामाला नावच नसते.”

महाराष्ट्राने २०१४ मध्ये १०८ सुरू करताना गाडीत डॉक्टरच बसविले, त्यांत आयुर्वेद पदवीधरांचा मोठा भरणा. रुग्णाला ते दिलासादायक. मात्र पॅरामेडिक होऊ पाहणाऱ्या मराठी मुलासाठी घरचे दार त्यामुळे अरुंद झाले. (यावर आमच्या सहकाऱ्यांत अजून वाद होतात.)

अखेर मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा झाला आणि त्याच्या अनुसूचीत पॅरामेडिकला स्थान मिळाले. हैदराबादच्या पहिल्या गाडीनंतर सोळा वर्षांनी! त्यानंतरही केंद्र व राज्ये इतकी रेंगाळली की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अंमलबजावणीचे आदेश द्यावे लागले.

आपल्या परिचयातील कोणी या अभ्यासक्रमाकडे वळत असेल, तर शुल्क भरण्यापूर्वी त्या राज्यातील परिषद पदवीधरांची नोंदणी करते का, एवढे अवश्य विचारून घ्यावे.