नृत्य रुग्णालयांत कसें गेलें

नृत्य म्हटलें कीं रंगमंच, वेषभूषा आणि समोर बसलेला प्रेक्षकवर्ग डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु प्रेक्षकांची अपेक्षा नसलेलें, ठरीव पावलांचें बंधन न मानणारें आणि नाचणाऱ्याच्या अंतःकरणास वाट करून देणारें नृत्य विसाव्या शतकांत थेट रुग्णालयांत जाऊन पोहोंचलें. त्याचा इतिहास उद्बोधक आहे.

त्याचा आरंभ एका बंडांत आहे. युरोपांतील बॅले नृत्यास पिढ्यान्‌पिढ्यांच्या नियमांनीं जखडून टाकलें होतें. पायाच्या बोटांवर तोल सांभाळणारी नर्तकी मोहक दिसे खरी. पण स्वतःच्या मनांतलें कांहीं सांगण्याची मुभा तिला क्वचितच मिळे. १८७७ सालीं अमेरिकेंत जन्मलेली इझाडोरा डंकन सैल झगा लेवून अनवाणी नाचूं लागली. १९०३ मध्यें बर्लिन येथील व्याख्यानांत तिनें निसर्गाच्या गतीशीं नातें सांगणाऱ्या भावी नृत्याचा पुरस्कार केला. पुढें १९१५ मध्यें रूथ सेंट डेनिस व टेड शॉन यांनीं लॉस एंजेलिस येथें ‘डेनिशॉन’ ही नृत्यशाळा स्थापन केली आणि नव्या नृत्याचें शिक्षण तेथें मिळूं लागलें.

मॅरियन चेस या बाई याच संस्थेंत शिकल्या. त्यांचा जन्म १८९६ चा. तरुणपणीं पाठीस इजा झाल्यामुळें डॉक्टरांच्या सल्ल्यानें त्या नृत्याकडे वळल्या होत्या. पुढें वॉशिंग्टन येथें त्यांनीं स्वतःची शाळा काढली. तेथें त्यांच्या ध्यानांत आलें कीं, कित्येक विद्यार्थ्यांस नर्तक व्हावयाचेंच नाहीं. तीं माणसें कांहीं निराळ्याच समाधानासाठीं येतात. तेव्हांपासून कोण कसें नाचतो यापेक्षां तो कां नाचतो, याकडे त्या लक्ष देऊं लागल्या.

१९४२ मध्यें वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या सरकारी मनोरुग्णालयांत त्यांचें कार्य सुरू झालें. महायुद्ध चालू होतें आणि मनानें खचलेले सैनिक तेथें येत होते. मनोविकारांवरील परिणामकारक औषधें १९५० नंतरच्या दशकांत आलीं. तोंवर कोणाशीं अक्षरही न बोलणाऱ्या रुग्णापर्यंत पोहोंचण्याचे मार्ग फार थोडे होते. चेसबाई संगीत लावीत व रुग्णांना वर्तुळांत उभें करीत. पावलें शिकविण्याचा आग्रह त्या धरीत नसत. एखादा रुग्ण केवळ हात हलवीत असला, तर तीच हालचाल आपल्या अंगीं घेऊन त्या त्यास उत्तर देत. आपलें कोणी ऐकलें, याची खूण त्या मूक माणसास अशी शब्दांवांचून मिळे. तेथून पुढें संवादाचें दार किलकिलें होण्याचा संभव असे.

१९६६ मध्यें अमेरिकन नृत्योपचार संघ स्थापन झाला व चेसबाई त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. १९७० सालीं त्या निवर्तल्या.

नृत्यानें प्रत्येक व्याधि बरी होते, असा या इतिहासाचा निष्कर्ष नव्हे. वैद्याचें व औषधाचें स्थान कायमच आहे. परंतु जो बोलत नाहीं त्याला सांगावयाचें कांहीं नाहीं, ही समजूत मात्र त्या वर्तुळांत खोटी ठरली. इझाडोरेनें कलावंतासाठीं मागितलेलें स्वातंत्र्य, ज्याच्याकडून कोणी कसलीच अपेक्षा ठेवली नव्हती अशा माणसाच्या हातीं आलें. आणि या नृत्याचें खरें मोल तेथेंच कळून येतें.