धार, पाणी आणि पोलाद

सोयाबीनच्या काढणीआधी वाशीम जिल्ह्यातल्या कोणत्याही बाजाराच्या गावी लोहाराच्या भात्यापुढे विळ्यांचा ढीग पडलेला असतो. लोहार एकेक विळा तापवतो, ऐरणीवर ठोकतो, त्याची कड पातळ करतो आणि मग तिला ‘पाणी पाजतो’. एखादा शेतकरी तक्रार करतो, ‘‘मागच्या खेपेचा विळा वाकला.’’ दुसरा म्हणतो, ‘‘माझ्या विळ्याचा तुकडा उडाला.’’ दोन्ही तक्रारींवर लोहाराचे उत्तर एकच असते, ‘‘पाणी बरोबर बसले नाही.’’

या दोन तक्रारींत पात्याच्या विज्ञानाचा जवळजवळ सारा इतिहास सामावलेला आहे. पाते कठीण केले तर ते ठिसूळ होते आणि चिवट केले तर त्याची धार लवकर बोथट होते. कठीणपणा आणि चिवटपणा एकाच तुकड्यात कसे आणायचे, हा प्रश्न माणसाने लोखंड हाती घेतल्यापासून त्याच्यापुढे आहे.

वाशीम जिल्ह्याची जमीन काळ्या बेसाल्टवर वसलेली आहे. या खडकात लोह आहे, पण ते सिलिकेटांत अडकलेले आणि विखुरलेले असल्यामुळे भट्टीच्या उपयोगाचे नाही. म्हणून लोखंड इथे बाहेरूनच आले. विदर्भातच पूर्वेला मात्र लोखंड गाळण्याचा फार जुना पुरावा मिळाला आहे. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नायकुंड हे गाव आहे. तेथे १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले. महापाषाणयुगीन वस्तीत वक्र विटांची एक छोटी गोल भट्टी, भात्याच्या मातीच्या नळ्या आणि लोखंडाची मळी सापडली. काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचा.

अशा भट्टीत लोखंड वितळत नसे. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि हाताच्या भात्याने तेवढी उष्णता मिळत नाही. कोळशापासून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो, मळी पातळ होऊन वाहून जाते आणि खाली स्पंजासारखा सच्छिद्र गोळा उरतो. तो तापवून ठोकला की मळी निघून जाते व घडीव लोखंड मिळते. ते चिवट असते, पण मऊ. त्याची धार टिकायची तर त्यात थोडा कार्बन मिसळावा लागतो. लोखंड आणि पोलाद यांत फरक पडतो तो एवढ्याशा कार्बनामुळे. युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांना ही गोष्ट १७८० च्या दशकात समजली.

भारतीय कारागिरांनी मात्र कारण न जाणताही त्याचा उपयोग शतकानुशतके केला होता. घडीव लोखंडाचे तुकडे आणि लाकूड किंवा पाने मातीच्या मुशीत घालून, तोंड लिंपून, ती मूस तासन्‌तास तापवली जाई. लोखंडात कार्बन मुरला की त्याचा वितळणबिंदू उतरतो आणि मुशीत खरोखरच पातळ रस तयार होतो. तो हळूहळू निवू दिला की सुमारे दीड टक्का कार्बन असलेली पोलादाची वडी मिळे. हेच ते ‘उक्कु’. इंग्रजांनी त्याचा उच्चार ‘वूट्झ’ केला. तेलंगणात निर्मळजवळच्या कोनसमुद्रम या गावी हे पोलाद बनत असे आणि ते विकत घेण्यासाठी इराणी व्यापारी तेथे येऊन राहत, अशी नोंद एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या लेखनात मिळते. हे गाव वाशीमपासून सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटरवर. १८५३ सालापर्यंत वऱ्हाडही निजामाच्याच राज्यात होता, म्हणजे वाशीम आणि कोनसमुद्रम तेव्हा एकाच अमलाखाली होते.

या पोलादाच्या तलवारींवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसे. त्यांनाच पुढे ‘दमास्कस’ पाती म्हणून कीर्ती मिळाली. १७९४ मध्ये मुंबईतील डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. लगेच १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर शोधनिबंध सादर केला. पुढे जेम्स स्टोडार्ट या शस्त्रकारागिराने मायकेल फॅरडे या तरुणाला बरोबर घेऊन त्यावर प्रयोग केले. त्यांचे निबंध १८२० व १८२२ मध्ये प्रसिद्ध झाले. फॅरडेंना वाटले, की या पोलादाचा गुण ॲल्युमिनियमच्या अंशामुळे येत असावा. तो तर्क चुकला. पण पोलादात प्लॅटिनम, चांदी, ऱ्होडियम असे धातू हेतुपुरस्सर मिसळून पाहण्याची जी वाट त्यांनी दाखवली, तिच्यातूनच पुढे मिश्रपोलादांचे शास्त्र उभे राहिले. पॅरिसमध्ये ब्रेआँ यांनी त्याच सुमारास शेकडो प्रयोग करून जास्तीच्या कार्बनाकडे बोट दाखवले.

गंमत अशी, की युरोपात हा शोध चालू असतानाच भारतातल्या भट्ट्या विझत होत्या. स्वस्त विलायती पोलाद आले, कोळशासाठी लागणारे लाकूड दुर्मीळ झाले आणि १८७८ च्या कायद्याने इंग्रजी मुलखातल्या जंगलांवर निर्बंध आले. कारागिरांनी मुशीतले ज्ञान कागदावर उतरवले नव्हते. भट्टी विझली, तसे तेही विझले.

ते पोलाद पुन्हा घडवण्याचे यश मिळायला विसावे शतक संपत आले. अमेरिकेत आयोवा येथील धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोव्हन आणि आल्फ्रेड पेंड्रे नावाचा एक लोहार यांनी वर्षानुवर्षे एकत्र काम केले. १९९८ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की लाटांची नक्षी उमटते ती खनिजातून आलेल्या व्हॅनेडियमसारख्या धातूंच्या लेशमात्र अंशामुळे. हे प्रमाण ०.०१ टक्क्याहूनही कमी असले तरी पुरते. रस सावकाश गोठताना हा अंश ठरावीक पट्ट्यांत साठतो आणि पाते वारंवार तापवून ठोकताना त्याच पट्ट्यांत लोह-कार्बाइडचे कठीण कण रांगेने जमतात. म्हणजे खाण बदलली, की कारागीर तोच, कृती तीच, तरी नक्षी उमटेना. लोहाराचा हात चुकला नव्हता. त्याच्या खनिजात जे होते, ते कोणाला ठाऊकच नव्हते.

आता हाच व्हॅनेडियम आजच्या सर्वोत्तम हातघडणीच्या चाकूंत पाहा. जास्त कार्बन आणि जास्त व्हॅनेडियम घातले, की अतिशय कठीण कार्बाइड तयार होतात व धार फार दिवस टिकते. पण मोठ्या साच्यात असा रस सावकाश गोठला, की कार्बाइडचे कण वाढून त्यांचे गठ्ठे होतात आणि तेथूनच पाते तडकते. यावर १९७० च्या सुमारास अमेरिकेत आणि स्वीडनमध्ये एक युक्ती निघाली. तिला आपण भुकटीचे पोलाद म्हणू.

युक्ती समजायला खडीसाखर आणि बत्तासा आठवावा. पाक सावकाश निवला तर खडीसाखरेचे मोठे स्फटिक मिळतात. त्याच पाकाचे थेंब पाडून ते झटकन थिजवले, तर बारीक कणांचा बत्तासा होतो. भुकटीच्या पोलादात रसाच्या बारीक धारेवर नायट्रोजनचे जोरदार झोत सोडतात. धारेचे सूक्ष्म थेंब होतात आणि क्षणार्धात गोठतात. कार्बाइडला वाढायला वेळच मिळत नाही. मग ही भुकटी पोलादी डब्यात भरून, आतली हवा काढून, अकराशे अंशांच्या आसपास तापवतात आणि सुमारे हजार वातावरणांच्या दाबाखाली सर्व बाजूंनी दाबतात. भुकटी न वितळताच एकजीव होते. कार्बाइडचे कण काही मायक्रॉनांचे राहतात आणि सगळीकडे सारखे पसरतात.

हे पोलाद आधी कारखान्यांतल्या कापहत्यारांसाठी होते. चाकू घडवणाऱ्या हौशी आणि व्यावसायिक कारागिरांनी ते नंतर उचलले. २००१ मध्ये खास चाकूंसाठी बाजारात आलेल्या अशाच एका पोलादात १.४५ टक्के कार्बन, १४ टक्के क्रोमियम, ४ टक्के व्हॅनेडियम आणि २ टक्के मॉलिब्डेनम असते. कार्बनाचे प्रमाण जवळजवळ उक्कुइतकेच. व्हॅनेडियम मात्र निदान चारशे पट. जुन्या कारागिराच्या हाती तो नकळत आला होता, आज तो मोजून घातला जातो. आणखी एक भेद आहे. उक्कुचे वैभव कणांच्या रांगांत होते, तर भुकटीच्या पोलादाचे वैभव रांगा मोडण्यात आहे.

पण अशी पट्टी आपल्या लोहाराला दिली तर? ती कोळशाच्या भट्टीत ठोकून घडत नाही. पाते कापून व घासून काढावे लागते, १०५० अंशांच्या आसपास नेमके तापमान राखणारी विजेची भट्टी लागते आणि नंतर दोनदा मंद तापवावे लागते. म्हणून आपला लोहार ट्रकच्या कमानीचा जुना पाटाच पसंत करतो. त्यात सुमारे अर्धा-पाऊण टक्का कार्बन असतो. तो ठोकायला सोपा, पाणी धरणारा आणि बोथट झाला तर बांधावरच्या दगडावरही धार घेणारा. विळ्याला तेच योग्य आहे. ‘उत्तम पोलाद’ असे सरसकट काही नसते. कशासाठी उत्तम, हे विचारावे लागते.

‘पाणी’ म्हणजे काय, हे वर्गात दाखवता येते. तीन शिवणकामाच्या सुया घ्या. एक तशीच ठेवा. उरलेल्या दोन चिमट्यात धरून लालबुंद तापवा आणि पाण्यात बुडवा. त्यांतली एक वाकवून पाहा. ती कट्‌कन तुटेल. (डोळ्यांना चष्मा हवा आणि सुई कापडात धरावी.) तिसरी सुई घासून चकचकीत करा आणि ज्योतीपासून दूर धरून हलके तापवा. आधी गवती पिवळा, मग जांभळट आणि सुमारे तीनशे अंशांना निळा रंग चढेल. आता ती लवचीक झाली आहे. लोहार विळ्याच्या कडेवर हेच रंग पाहतो. त्याच्यापाशी तापमापक नाही, पण मापन आहे.

म्हणून एका दिवशी मुलांना लोहाराच्या भात्याशी न्यावे आणि त्यालाच गुरुजी करावे. तो कोणता रंग पाहून विळा पाण्यात सोडतो, हे मुलांनी लिहून घ्यावे. कारागिरांनी मुशीतले ज्ञान लिहून ठेवले नाही म्हणून ते हरवले होते, आणि ते परत मिळाले तेव्हा शास्त्रज्ञाच्या शेजारी एक लोहार उभा होता. तुमच्या वर्गात लोहाराचे मूल असेल, तर त्याला आणखी एक गोष्ट जरूर सांगा. मायकेल फॅरडेचे वडीलही लोहारच होते.