वेळासची पुळण आणि सागरी कासवे

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले वेळास पूर्वी नाना फडणवीसांच्या घराण्याचे गाव म्हणून ओळखले जाई. आज त्याची ओळख सागरी कासवांमुळे आहे. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री इथल्या पुळणीवर येतात. भरतीच्या रेषेपलीकडे, कोरड्या वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करून त्या शंभराच्या आसपास अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि समुद्रात परततात. अंडी उबवण्याचे काम वाळूची ऊब करते. पिल्ले नर होणार की मादी, हेही तिच्या तापमानावरच ठरते. साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर येतात.

ही अंडी काढून खाण्याची आणि विकण्याची रीत कोकणात जुनी होती. मादीचा माग वाळूत ठळक उमटत असल्याने जाणत्याला घरटे सापडायला वेळ लागत नसे. माणसाच्या नजरेतून सुटलेली घरटी कोल्हे-कुत्रे उकरत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावरही आडबाजूच्या किनाऱ्यांवर रोज पहारा ठेवणारे कोणी नव्हते.

ही स्थिती २००२ मध्ये पालटू लागली. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे कार्यकर्ते समुद्रगरुडांची पाहणी करत असताना त्यांना वेळासला कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेतले. माग ओळखण्याचे कसब गावात होतेच. ते आता राखणीच्या कामी आले. पहाटे किनारा धुंडाळायचा, अंडी उलटसुलट होऊ न देता अलगद उचलायची आणि भरतीपासून लांब, कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची, असा क्रम बसला. पहिल्याच हंगामात सुमारे ५० घरटी राखली गेली.

पुढे पिल्ले समुद्रात सोडण्याचा कासव महोत्सव सुरू झाला. पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय गावातल्या घरांतच होत असल्याने कासवाच्या रक्षणातून घरोघरी उत्पन्न येऊ लागले. हे काम आंजर्ले, गुहागर, हरिहरेश्वर अशा किनाऱ्यांवर पसरले आणि वनविभागाने ते हाती घेतले. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या एका मादीला उपग्रह टॅग लावून तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले गेले. २०२१ मध्ये ओडिशात खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना दिसली, तेव्हा पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरच्या कासवांचा संबंध पुढे आला.

कुंपणातली घरटी हा मात्र तात्पुरता आधार आहे. प्रखर दिव्यांनी पिल्ले समुद्राची दिशा चुकतात, धूपप्रतिबंधक बंधारे माद्यांची वाट अडवतात आणि वाळूउपशाने अंडी घालण्याची जागाच नाहीशी होते. म्हणून मोकळी, अंधारी आणि वाळूने भरलेली पुळण टिकवणे हेच या संवर्धनाचे मुख्य काम ठरते. अशा पुळणीवर घरटी मूळ जागीच सुरक्षित राहू शकतात आणि अंडी हलवण्याची गरज कमी होते.