ग्रँट रोडवाल्याचे तीर्थरूप

ग्रँट रोड म्हटलं की आपल्याला लोकल आणि लॅमिंग्टन रोडवरचे स्वस्तातले कॉम्प्युटर पार्ट्स आठवतात. हा ग्रँट म्हणजे सर रॉबर्ट ग्रँट, 1835 ते 1838 मुंबईचा गव्हर्नर. ग्रँट मेडिकल कॉलेजही त्याच्याच नावाचं. पण खरा विषय आहे त्याचे तीर्थरूप, चार्ल्स ग्रँट. तुम्ही-आम्ही इंग्रजीवर पोट भरतो त्यात या माणसाचा हात आहे, आणि शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव सहसा नसतं!

जन्म 1746, स्कॉटलंड. त्याच वर्षी त्याचा बाप कलोडनच्या लढाईत इंग्रजांच्या राजाविरुद्ध लढला. बंडखोराचा मुलगा त्याच राज्याच्या कंपनीत पैसा कमवायला बंगालमध्ये आला. सुरुवातीला जुगार, कर्ज, सगळं यथासांग. मग 1776 मध्ये देवीच्या साथीत काही दिवसांच्या अंतराने दोन लहान मुली गेल्या आणि गडी कट्टर धार्मिक झाला. पुढे मालद्याला कंपनीसाठी कापड आणि रेशीम खरेदी करत बऱ्यापैकी श्रीमंत झाला आणि 1790 मध्ये परत गेला. स्काय बेटावर वॉटरनिशची जमीनदारी घेतली, 1794 मध्ये कंपनीचा डायरेक्टर, 1802 मध्ये खासदार, 1805 मध्ये चेअरमन. (वेलस्लीच्या खर्चिक लढायांना त्याचा विरोध होता. त्यात आपल्या मराठ्यांशी झालेली लढाईही आली.)

आता मुद्द्याचं. 1792 मध्ये त्याने हिंदुस्थानातल्या समाजावर एक लांबलचक निबंध लिहिला. वाचताना चीड येते. हिंदू म्हणजे खोटारडे, स्वार्थी, अंधारात बुडालेले वगैरे. उपाय काय, तर त्यांना इंग्रजी शिकवा. कोर्टकचेरीत इंग्रजी आणा, छापखाने आणा, यंत्रं दाखवा. मग लोक ख्रिस्ती होतील, आणि (हे फार महत्त्वाचं!) विलायती मालाला गिऱ्हाईक वाढेल. धर्म आणि सेल्स टार्गेट एकाच डॉक्युमेंटात. दोन्ही त्याला मनापासून वाटत होतं, हे मला जास्त भीतीदायक वाटतं. नुसत्या लबाड माणसाशी निदान वाद तरी घालता येतो.

हा स्पेक बरीच वर्षं पडून होता. 1797 मध्ये कंपनीच्या डायरेक्टरांपुढे ठेवला, 1813 मध्ये पार्लमेंटने छापला. त्याच वर्षीच्या चार्टर ॲक्टमध्ये मिशनऱ्यांना दार उघडलं आणि शिक्षणासाठी वर्षाला 1 लाख रुपये ठरले. ग्रँट 1823 मध्ये वारला. पण त्याचा थोरला मुलगा, तोही चार्ल्सच, लंडनमध्ये हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या बोर्डाचा अध्यक्ष झाला, आणि 1832 मध्ये त्याच्या हाताखाली सेक्रेटरी म्हणून आला मेकॉले! मेकॉलेचा बाप आणि थोरला ग्रँट एकाच धार्मिक कंपूतले. 1835 च्या इंग्रजी शिक्षणाचं सगळं खापर आपण मेकॉलेवर फोडतो, पण मसुदा 43 वर्षं आधीचा.

गंमत म्हणजे ग्रँटने निबंधात एका शंकेचं उत्तरही देऊन ठेवलं होतं. इंग्रजी शिकून हे लोक अमेरिकेसारखं स्वातंत्र्य मागू लागले तर? छे, असं तो म्हणतो. इंग्रजांची स्वातंत्र्याची ओढ नुसतं वर्णन वाचून लागत नसते, त्यातून या दुबळ्या आशियाई लोकांना तर नाहीच.

त्यानंतर बरोबर 100 वर्षांनी, 1892 मध्ये, मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये इंग्रजी शिकलेले दादाभाई नौरोजी लंडनच्या फिन्सबरीतून निवडून आले आणि त्याच पार्लमेंटात जाऊन बसले.