पेशींचें आयुष्य : एका समजुतीचा इतिहास



आयुष्याची दोरी बळकट असली म्हणजे माणूस वांचतो, असें आपण म्हणतों. शरीरांतील सूक्ष्म पेशींनाहि ही दोरी मापूनच मिळालेली असते काय, हा प्रश्न विसाव्या शतकांत शास्त्रज्ञांपुढें होता. त्याचें उत्तर सुमारें ५० वर्षें चुकीचें दिलें गेलें. तें कोणी व कसें सुधारलें, हें आज सांगावयाचें आहे.

न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत डॉ. अलेक्सिस कॅरेल यांनीं १९१२ च्या जानेवारींत कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा एक तुकडा काचपात्रांत वाढविण्यास घेतला. त्याच वर्षीं, रक्तवाहिन्या जोडण्याच्या विद्येबद्दल, त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. साहजिकच त्यांच्या शब्दाला वजन आलें. कॅरेल १९४४ सालीं वारले, तरी ती वाढ १९४६ पर्यंत चालूच होती. एकूण ३४ वर्षें! एवढें आयुष्य कोणत्या कोंबडीला लाभतें? यावरून पेशी स्वभावतः अमर आहेत, जरा येते ती शरीराला, असा सिद्धान्त रूढ झाला. इतरांच्या पेशी मरत, तेव्हां ते सिद्धान्ताला नव्हे, तर आपल्याच हाताला दोष देत.

फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेंत लेओनार्ड हेफ्लिक मानवी गर्भाच्या पेशी वाढवीत असत. त्यांच्याहि पेशी सुमारें ५० वेळां दुप्पट झाल्यावर थांबत. प्रथम त्यांनाहि आपलीच चूक वाटली. पण एकच पोषकरस, तींच पात्रें, तेच हात. आणि थांबत त्या फक्त फार दिवस वाढलेल्या पेशी! नव्या पेशी त्याच वेळीं जोमानें वाढत असत. मग दोष रसाचा कसा?

हेफ्लिक व त्यांचे सहकारी पॉल मूरहेड यांनीं एक सोपी पण मार्मिक परीक्षा योजिली. पुरुषगर्भाच्या वृद्ध पेशी व स्त्रीगर्भाच्या तरुण पेशी एकाच पात्रांत मिसळल्या. गुणसूत्रांवरून दोन्ही ओळखतां येत. कांहीं काळानें पाहतात तों पात्रांत केवळ स्त्रीपेशी उरल्या होत्या! म्हणजे गणना बाहेर नव्हती, प्रत्येक पेशीच्या आंतच होती.

हा निबंध प्रथम ज्या मासिकाकडे गेला, तें रॉकफेलर संस्थेचेंच होतें. संपादक पेटन राउस यांनीं तो परत केला. योग्य पोषण मिळालें तर पेशी अखंड वाढतात, हें सिद्धच आहे, असा त्यांचा अभिप्राय. अखेर १९६१ मध्यें निबंध दुसरीकडे छापला गेला. कॅरेलच्या पात्रांत पोषणरसाबरोबर ताज्या पेशी जात असाव्यात, असा तर्क पुढें हेफ्लिक यांनीं मांडला.

त्या आंतल्या गणनेचा उलगडा पुढें झाला. गुणसूत्रांच्या टोकांचा भाग प्रत्येक विभाजनांत थोडा झिजतो, असा विचार रशियन शास्त्रज्ञ ओलोव्निकोव्ह यांनीं १९७१ मध्यें मांडला. या टोकांवरील व तीं भरून काढणाऱ्या द्रव्यावरील संशोधनाबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर व जॅक शोस्टाक यांना २००९ चें नोबेल मिळालें. थांबलेली पेशी लगेच मरत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें. ती जिवंत राहून आसपासच्या पेशींना उपद्रव देते. मात्र म्हातारपणाचें संपूर्ण कारण एवढेंच, असें मानणें धाडसाचें होईल.

हेफ्लिक २०२४ सालीं ९६ व्या वर्षीं निवर्तले. त्यांची हकीकत वाचतांना माझें मन वर्गांत गेलें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला साधा शिक्षक. उत्तर पुस्तकाशीं जुळलें नाहीं कीं तांबडी फुली मारावयाची, हा माझा जन्माचा धंदा. "गुरुजी, मला तर असेंच दिसलें," असें म्हणणारा एकादा मुलगा दर वर्षीं भेटे. त्याला मीं बहुधा खालीं बसविलें. पुस्तक बहुतेक वेळां बरोबर असतें, हें खरें. पण त्या मुलाला पुन्हा एकदां पाहूं द्यावयास काय हरकत होती?