घरचा संगणक आणि दूरचित्रवाणीचा पडदा

नवे यंत्र घरात येते ते बहुधा एखाद्या जुन्या यंत्राच्या आश्रयाने. विजेवर फिरणाऱ्या ग्रामोफोनला स्वतःचा ध्वनिवर्धक नसला, तर त्याची तार रेडिओसंचाच्या पाठीमागे जोडीत आणि तबकडीवरील गाणे रेडिओच्या कर्ण्यातून ऐकत. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात संगणकाने सामान्य माणसाच्या घरात पाऊल टाकले तेही अशाच आश्रयाने. त्याला आश्रय दिला दूरचित्रवाणीच्या संचाने. या दोन यंत्रांची जोडणी ही वरवर पाहता एका तारेची गोष्ट आहे. परंतु त्या तारेच्या इतिहासात यंत्रविद्येबरोबरच काटकसर, कायदा आणि लिपी यांचाही इतिहास गुंतलेला आहे.

त्यापूर्वीचा संगणक विद्यापीठे, बँका आणि सरकारी कचेऱ्या यांच्या आश्रयास होता. त्याचे उत्तर छिद्रांकित पत्रांवर किंवा टेलिप्रिंटरच्या कागदावर उमटे. पडदा असलेली उपकरणे होती, पण त्यांची किंमत एखाद्या कुटुंबाच्या आवाक्यातील नव्हती. याउलट १९७०च्या सुमारास अमेरिकेत दर शंभर घरांपैकी नव्वदांहून अधिक घरांत दूरचित्रवाणीचा संच होता. म्हणजे पडदा घरोघरी होताच. मात्र त्यावर काय दिसावे हे दूरच्या प्रक्षेपण केंद्रात ठरत असे. घरच्या माणसाला संच चालू करावा, बंद करावा किंवा वाहिनी बदलावी, एवढेच स्वातंत्र्य होते.

हे एकमार्गी नाते बदलता येईल, हा विचार राल्फ बेअर या अभियंत्याने १ सप्टेंबर १९६६ रोजी चार पानांच्या एका टिपणात मांडला. जर्मनीत जन्मलेले बेअर नाझी राजवटीच्या छळामुळे १९३८ मध्ये कुटुंबासह अमेरिकेत आले होते. दूरचित्रवाणीच्या संचावर खेळ खेळता यावेत, अशी त्यांची कल्पना होती. तिच्यातूनच १९७२ मध्ये मॅग्नावॉक्स कंपनीचा ‘ओडिसी’ हा खेळाचा संच बाजारात आला. त्यात संगणक नव्हता. पडद्यावर काही प्रकाशाचे ठिपके आणि एक रेघ, एवढेच तो दाखवू शके. मैदानाचे चित्र हवे असल्यास पडद्यावर रंगीत पारदर्शक कागद लावावा लागे. तरीही पुढील काळाच्या दृष्टीने त्याने महत्त्वाची गोष्ट केली. घरच्या संचात शिरण्याची वाट त्याने दाखवून दिली, आणि ती वाट एरियलच्या खुंटीतून जात होती.

एरियलचीच वाट का, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. त्या काळच्या पुष्कळ संचांत खर्च वाचवण्यासाठी विजेचा ट्रान्सफॉर्मर गाळलेला असे आणि आतील धातूचा सांगाडा थेट घरातील विजेच्या तारेशी जोडलेला असे. असा संच उघडून आत तार जोडणे म्हणजे प्राणाशी गाठ. एरियलची खुंटी मात्र या विजेपासून अलग राखलेली असे. तेव्हा संच न उघडता त्याला चित्र पोचवायचे, तर ते प्रक्षेपण केंद्राकडून येणाऱ्या चित्रासारखेच असले पाहिजे. त्यासाठी मॉड्युलेटर नावाचे लहानसे उपकरण वापरीत. ते यंत्राच्या चित्रसंकेताला एका वाहक लहरीवर आरूढ करी. अमेरिकेत या कामासाठी ३ किंवा ४ क्रमांकाच्या वाहिन्यांपैकी गावात जी रिकामी असेल ती निवडीत. संचाला वाटे, एखादे नवे प्रक्षेपण केंद्र सुरू झाले आहे. वस्तुतः ते केंद्र शेजारच्या मेजावर असे आणि त्याचा विस्तार तारेच्या लांबीएवढा असे.

तथापि संचाची एक अडचण त्याच्या स्वभावातच होती. चित्रनलिकेतील इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर ओळीमागून ओळ रेखीत जातो. अमेरिकेच्या पद्धतीत ५२५ ओळींचे चित्र सेकंदाला ३० वेळा, तर ब्रिटन आणि भारत येथील पद्धतीत ६२५ ओळींचे चित्र सेकंदाला २५ वेळा रेखले जाई. पडदा स्वतः काहीच ध्यानात ठेवीत नाही. टेलिप्रिंटरने उमटवलेले अक्षर कागदावर राहते. पडद्यावरील अक्षर मात्र अखंड पुन्हा पुन्हा लिहावे लागते. म्हणून दाखवायचा मजकूर कोठेतरी साठवणे आवश्यक होते आणि अशी स्मृती त्या काळी महाग होती. डॉन लँकेस्टर यांनी सप्टेंबर १९७३ च्या ‘रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकात ‘टीव्ही टाइपरायटर’ची माहिती प्रसिद्ध केली. हौशी माणसाने घरी जुळवावे अशा या उपकरणाने साध्या संचाच्या पडद्यावर १६ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३२ अक्षरे दाखवता येत. कळफलकावर टंकलेला मजकूर आपल्याच दिवाणखान्यातील पडद्यावर उमटावा, ही त्या वाचकांच्या दृष्टीने अपूर्वाईची गोष्ट होती.

जानेवारी १९७५ मध्ये ‘आल्टेअर ८८००’ या संगणकाची ओळख अमेरिकेतील हौशी मंडळींना झाली. त्याच्या दर्शनी बाजूस केवळ खटके आणि लुकलुकणारे दिवे होते. खटके वरखाली करून आज्ञा द्यायची आणि दिव्यांवरून उत्तर ओळखायचे, असा सारा व्यवहार होता. यंत्र स्वस्त झाले, पण त्याच्याशी बोलणे सोपे झाले नाही. ही उणीव स्टीव्ह वॉझनिअॅक यांनी भरून काढली. पडद्यावर अक्षरे दाखवणारे मंडल आणि संगणक त्यांनी एकाच फलकावर आणले. १९७६ चा ‘अॅपल १’ हा तो संगणक होय. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘अॅपल २’ मध्ये त्यांनी रंगही साधले. अमेरिकेच्या रंगीत चित्रपद्धतीतील रंगवाहक लहरीच्या तालावर ठिपके पाठवले की संच आपण होऊनच त्यांना रंग समजतो, हे त्यांनी हेरले होते. ही युक्ती इतकी अमेरिकेच्या पद्धतीला चिकटलेली होती की, युरोपातील वेगळ्या रंगपद्धतीत ती तशीच्या तशी चालेना. तेथे रंगांसाठी निराळा फलक बसवावा लागे.

या टप्प्यावर कायदा आडवा आला. संगणकाच्या अंतरंगात सेकंदाला लक्षावधी स्पंदने होत असतात आणि त्यांतून रेडिओलहरी बाहेर फाकतात. त्यात मॉड्युलेटर जोडला आणि त्याचा संकेत चुकून एरियलवर चढला, तर शेजाऱ्याच्या पडद्यावरही व्यत्यय उमटावा. आकाशातील लहरींचे नियंत्रण करणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने म्हणून कडक अटी घातल्या होत्या. त्यांतून सुटण्यासाठी अॅपल कंपनीने आपला संगणक मॉड्युलेटरविना विकला. तो स्वतंत्रपणे दुसरीकडून विकत मिळे. अटारी कंपनीने १९७९ मधील आपले संगणक अॅल्युमिनियमच्या जाड कवचात बंदिस्त केले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने त्याच वर्षी आपला संगणक स्वतंत्र पडद्यासह विकायला काढला आणि त्याची किंमत १,१५० डॉलरांवर गेली. घरच्या संचाचा आश्रय सुटला की संगणक सामान्य माणसापासून किती दूर जातो, हे त्या किमतीने दाखवून दिले. १९७९ मध्येच कमिशनने संगणकांसाठी स्वतंत्र नियम केले आणि घरगुती यंत्रांसाठी निराळा वर्ग ठरवला. त्यानंतर या जोडणीला निश्चित मार्ग मिळाला.

काटकसरीची परिसीमा ब्रिटनमध्ये पाहावयास मिळाली. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने १९८० मध्ये ‘झेडएक्स ८०’ हा संगणक शंभर पौंडांच्या आत विकला. त्याची स्मृती अवघी एक किलोबाइट होती. त्यात चित्र रेखण्यासाठी निराळे मंडलही नव्हते. गणित करणारा प्रोसेसरच पडद्यावरील ओळी रेखी. परिणामी यंत्र विचारात गुंतले की पडदा कोरा पडे आणि उत्तर निघाले की चित्र परत येई. पुढच्या वर्षीच्या ‘झेडएक्स ८१’ मध्ये यावर तोड काढली गेली. चित्राच्या वरच्या आणि खालच्या रिकाम्या पट्ट्यांच्या अवकाशात त्याने गणित करावे आणि उरलेल्या वेळात चित्र रेखावे, अशी व्यवस्था झाली. चित्र स्थिर राहिले, पण काम सुमारे चौपट मंदावले. एका तुटपुंज्या स्मृतीत आणि एकाच प्रोसेसरच्या वेळेत गणित आणि चित्र या दोघांचा संसार चालवायचा होता! १९८२ चा ‘स्पेक्ट्रम’ रंगीत होता; परंतु स्मृती वाचवण्यासाठी ८ बाय ८ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकोनात दोनच रंगांना मुभा होती. दोन आकृत्या एकमेकींवरून गेल्या की एकीचा रंग दुसरीला लागे. त्या पिढीच्या मुलांना हा दोष इतका परिचयाचा झाला की, पुढे त्याचीच आठवण गोड वाटू लागली.

ब्रिटनमध्ये प्रक्षेपण संस्थेनेही या कामात हात घातला. बी.बी.सी.ने जानेवारी १९८२ मध्ये संगणकाचे शिक्षण देणारी दूरचित्रवाणी मालिका सुरू केली आणि तिच्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक तयार करून घेतला. याच संस्थेने १९७४ मध्ये ‘सीफॅक्स’ ही सेवा सुरू केली होती. चित्राच्या न दिसणाऱ्या ओळींतून तीत मजकुराची पाने पाठवीत, आणि प्रत्येक ओळीत ४० अक्षरे बसत. घरच्या संचावर सुखाने वाचता येण्यास अक्षर केवढे असावे, याचा अनुभव अशा रीतीने गाठीस होता. नव्या संगणकातही तशाच अक्षरांची सोय ठेवली गेली. जी संस्था आजवर पडद्यावर स्वतःचे कार्यक्रम धाडीत होती, तीच आता प्रेक्षकाला त्या पडद्यावर स्वतःचे लिहावयास शिकवू लागली. प्रसारणाच्या इतिहासात ही घटना लहान नव्हे.

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि रंगीत चित्रे १९८२ मध्ये आली. चित्राच्या ६२५ ओळी आणि रंगपद्धती या बाबतीत भारताचे ब्रिटनशी साम्य होते. परंतु ब्रिटिश संगणक आपले चित्र यूएचएफ पट्ट्यातील ३६ व्या वाहिनीवर पाठवीत आणि दूरदर्शनचे प्रक्षेपण व्हीएचएफ पट्ट्यात होत असे. केवळ व्हीएचएफ लहरी ओळखणाऱ्या संचाला परदेशातून आणलेले ते यंत्र मुकेच वाटे. १९८४ मध्ये शाळांतील संगणक-साक्षरतेची ‘क्लास’ योजना सुरू झाली, तेव्हा तिच्यासाठी बीबीसी मायक्रोचीच निवड झाली. १९८८ मध्ये डेसिबेल्स या कंपनीने परवान्याने ‘स्पेक्ट्रम’ची भारतीय आवृत्ती काढली. पुढे खेळाच्या संचासारखे दिसणारे, कळफलक जोडलेले आणि एरियलच्या खुंटीत तार घालून चालणारे स्वस्त संच बाजारात मिळू लागले. अनेक मुलांनी पडद्यावर आपले नाव पहिल्यांदा पाहिले ते त्यांवरच.

ते नाव मात्र रोमन अक्षरांत असे. रोमन लिपीतील मोठे अक्षर आडवे पाच आणि उभे सात ठिपके एवढ्या जागेत मावते. देवनागरीला शिरोरेषा हवी, तिच्यावर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, शिवाय जोडाक्षरांची दाटी. मॉड्युलेटरमधून आलेल्या अंधूक चित्रात हा संभार पेलणे कठीण होते. देवनागरी संगणकाच्या पडद्यावर आणण्याचे महत्त्वाचे काम कानपूरच्या आय.आय.टी.त झाले. पुढे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने ते ‘जिस्ट’ या नावाने सर्वत्र नेले. पण ते कचेरीतील, स्वतंत्र पडदा असलेल्या संगणकांसाठी. ज्याच्याजवळ केवळ घरचा संच होता, त्याला आपली भाषा पडद्यावर पाहण्यासाठी अधिक काळ थांबावे लागले. स्वस्त पडद्याने दार उघडले खरे, पण त्या दाराची उंची रोमन अक्षराच्या मापाने घेतलेली होती.

कालांतराने संगणकाला स्वतःचा स्वच्छ पडदा मिळाला. व्यापाराच्या पत्रांना ओळीत ८० अक्षरे लागत आणि ती घरच्या संचावर नीट वाचता येत नसत. तेव्हा हा वियोग अटळच होता. पुढे दूरचित्रवाणीच अंकीय झाली. अमेरिकेने २००९ मध्ये आणि ब्रिटनने २०१२ मध्ये जुन्या पद्धतीचे मुख्य प्रक्षेपण थांबवले. २००२ मध्ये ठरलेल्या एचडीएमआय या जोडणीमुळे संगणकाचे चित्र वाहक लहरीवर चढवण्याचे कारण उरले नाही. ब्रिटनमध्ये जुने प्रक्षेपण संपले त्याच वर्षी, २९ फेब्रुवारी २०१२ रोजी, केंब्रिजहून ‘रास्पबेरी पाय’ हा तळहातावर मावणारा संगणक विक्रीस आला. त्याची किंमत ३५ डॉलर होती. त्याच्या प्रकारांना ‘ए’ आणि ‘बी’ ही नावे बीबीसी मायक्रोच्या स्मरणार्थ दिलेली होती. त्याच्याबरोबर पडदा मिळत नसे, कारण तो घरात आहेच, हे निर्मात्यांनी गृहीत धरले होते. या नव्या पडद्यावर ठिपक्यांची टंचाई नव्हती. शिरोरेषा, मात्रा आणि जोडाक्षरे यांसह देवनागरी आता त्यावर सुखाने उमटू शके.

ज्याला सारे काही नवे घेणे परवडते, त्याच्यासाठी नवे ज्ञान कोणत्याही मार्गाने येते. ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी ते घरात आधीच असलेल्या वस्तूच्या आधाराने यावे लागते. राल्फ बेअर यांच्या चार पानी टिपणापासून तळहातावरील संगणकापर्यंत या जोडणीने तेच कार्य केले. दुसऱ्यांची चित्रे पाहण्यासाठी घेतलेला पडदा तिने घरच्या माणसाच्या हाती लिहिण्यासाठी दिला, आणि त्याकरिता त्याच्याकडून एका तारेहून फारसे अधिक मागितले नाही.